पहिलीच्या वर्गातला टीव्ही

देविका गुरव लखनौला आली तेव्हा तिची मुलगी नेत्रा तीन वर्षांची होती. नवरा अभिजित रेल्वेत इंजिनिअर. बदली झाली म्हणून आले, दोन वर्षांनी परत जाऊ म्हणत राहिले आणि पाच वर्षं कधी झाली ते कळलं नाही. देविका मूळची मिरजेची, डी.एड. झालेली. विकास नगरमधल्या भाड्याच्या घरात दिवसभर बसून तिचा जीव कंटाळून जायचा. तिला नोकरी मिळवून दिली ती यमुनाकाकूंनी.

काकू मराठी मंडळींच्या गणपतीत भेटल्या. प्रसादाच्या रांगेत पुढे उभ्या होत्या, मागे वळून म्हणाल्या, "तू मिरजेकडची ना? बोलण्यावरून वाटलं." त्या स्वतः अकोल्याच्या. त्यांचे यजमान एअरफोर्समध्ये होते, नऊ वर्षांपूर्वी गेले. मुलगा प्रथमेश नागपूरला नोकरीला. काकू एकट्याच वृंदावन योजनेत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायच्या आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, विकास नगरमधल्या एका लहानशा खाजगी शाळेत शिकवायला यायच्या. आधी बस, मग ई-रिक्शा. एकोणीस वर्षं त्या पहिलीच्याच वर्गाला शिकवत होत्या.

"इतक्या लांबून कशाला येता?" देविकानं एकदा विचारलं होतं.

"घर बदललं म्हणून शाळा बदलायची का गं?" काकू म्हणाल्या होत्या.

शाळा म्हणजे बालवाडीची एक आणि पहिली ते पाचवीच्या पाच खोल्या. मुलं इलेक्ट्रिशियनची, वॉचमनची, घरकाम करणाऱ्या बायकांची, सब्जीचा ठेला लावणाऱ्यांची. मोठ्या इंग्रजी शाळांचं दार ज्यांना उघडत नाही आणि सरकारी शाळेत ज्यांना घालायचं नाही, अशा लोकांची. शाळा काढली होती निगमबाबूंनी. ते वारल्यावर त्यांचा मुलगा गजेंद्र निगम मॅनेजर झाला होता. माणूस हसतमुख, बोलायला गोड, दिवसातून एकदा तरी सगळ्या वर्गांवरून चक्कर मारणारा.

देविकाला तिसरीचा वर्ग मिळाला. एकेचाळीस मुलं.

सगळी सुरुवात समुद्राच्या धड्यापासून झाली. ती फळ्यावर लाटा काढत होती, तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "मैम, समंदर गोमती से कितना बड़ा होता है?" देविकानं पर्समधून फोन काढला, समुद्राचा एक व्हिडिओ शोधला आणि बाकांमधून फिरवला. एकेका मुलाच्या वाट्याला पाच-सहा सेकंद आले. मागच्या बाकांपर्यंत फोन पोचायच्या आत घंटा झाली आणि मागची मुलं रुसली. दुसऱ्या दिवशी तिनं गजेंद्रजींच्या ऑफिसातला टीव्ही मागितला. ते त्यावर क्रिकेट बघायचे. त्यांनी लगेच दिला. पडद्यावर लाट चालून आली तशी पुढच्या ओळीतल्या मुलांनी पाय वर घेतले. मग सगळा वर्ग इतका हसला, की शेजारच्या वर्गातल्या मैम बघायला आल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर ती अभिजितला तेच तेच सांगत राहिली. "अरे, सगळं फुकट आहे. नुसतं शोधायचं. सरकारी पोर्टलवर आहे, संस्थांची गोष्टींची पुस्तकं आहेत चित्रांसकट, गणिताचे खेळ आहेत. आपल्या मुलांना कोणी दाखवलंच नाही."

ती शोधायला लागली. फुकटच्या ढिगात कचराही पुष्कळ होता. कुठे मध्येच जाहिरात, कुठे उच्चार चुकीचे, एका व्हिडिओत तर सूर्यमालेतले ग्रहच उलट्या क्रमानं लावलेले. म्हणून ती प्रत्येक व्हिडिओ आधी स्वतः पूर्ण पाहायची. संध्याकाळी नेत्राचा अभ्यास चालू असायचा आणि शेजारी ही कानाला हेडफोन लावून बसलेली. तिनं एक तक्ता केला. इयत्ता, धडा, व्हिडिओची किंवा पुस्तकाची लिंक, किती मिनिटांचा, आणि शेवटचा रकाना: कुठे थांबवायचं आणि मुलांना काय विचारायचं. हा शेवटचा रकाना भरायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. अर्ध्या मिनिटाला थांबवा, पाण्याचा रंग विचारा. दोन मिनिटांना थांबवा, पुढे काय होईल ते विचारा, किमान चार मुलांना बोलू द्या.

दिवाळीनंतरच्या पालकसभेत गजेंद्रजींनी तिचा तास पालकांना दाखवला. आया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. सभा संपल्यावर गजेंद्रजींनी देविकाला ऑफिसात बोलावलं.

"मैम, कमाल का काम है आपका. पूरे साल का बना दीजिए. पहली से पाँचवीं तक."

देविकाला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या कामाला एवढं मोठं म्हटलं होतं. तिनं हो म्हटलं.

दुसरी ते पाचवीचं तिनं पटापट केलं. पहिलीचं अडलं. वाचायला शिकवायचे व्हिडिओ शेकडो होते, पण मुलाला पहिल्यांदा वाचता येतं म्हणजे नेमकं काय होतं, ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं काकूंना विचारलं, "काकू, मी तुमच्या वर्गात येऊन बसू का थोडे दिवस?"

"ये की. मागे बस फक्त, मुलं तुझ्याकडेच बघत बसतील नाहीतर."

जानेवारीत दोन आठवडे रोज ऑफ पिरियडला ती पहिलीच्या वर्गात मागे बसली. थंडी कडाक्याची, मुलं टोप्या-मफलरांत गुंडाळलेली. काकू अ-आ-इ-ई पासून सुरुवात करत नसत. त्या मुलांना घरातली भांडी विचारायच्या, कोण काय विकतं ते विचारायच्या, आणि मुलाच्या तोंडून जो शब्द आला तो फळ्यावर लिहायच्या. ज्या मुलानं शब्द सांगितला, त्याला फळ्याशी बोलवायच्या. "ये तेरा है," म्हणायच्या, "अब इसको पहचान." मूल स्वतःचा शब्द बघत उभं राहायचं. काकू घाई करत नसत. मुलाच्या ओठांकडे बघत थांबायच्या.

देविकानं सगळं वहीत उतरवून घेतलं. एका दिवशी काकूंनी तिला आपली जुनी डायरी आणून दिली. एकोणीस वर्षांत मुलांनी सांगितलेले शब्द त्यात होते. चम्मच, बकरी, पतीला म्हणजे पातेलं, छत, मटर, जीजी.

"हे सगळं त्यात घालणार आहेस?" काकूंनी विचारलं.

"हो. तुमची पद्धत कुठे लिहिलेलीच नाही काकू. राहायला हवी ना."

काकू हसल्या. त्यांना बरं वाटलं होतं, ते दिसत होतं. "घाल," म्हणाल्या. "मेले म्हणजे कोण विचारणार आहे मला."

देविकानं डायरीतल्या एकेका शब्दाला व्हिडिओ शोधले. चम्मचवर गाणं मिळालं, बकरीवर गोष्ट मिळाली, मटरवर चित्रांचं पुस्तक. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तक्ता पूर्ण झाला. तिनं तो गजेंद्रजींना मेल केला आणि त्या दिवशी घरी श्रीखंड आणलं.

त्याच वर्षी काकूंच्या वर्गात चेतना नावाची मुलगी होती. सहा वर्षांची, बारीक, डोळे मोठे. तिची आई तीन घरी स्वयंपाक करायची. चेतना अक्षरं सुंदर काढायची, पण वाचायला सांगितलं की अडायची. वर्ष संपत आलं तरी तिला वाचता येत नव्हतं. काकूंनी तिच्या आईला शाळेत बोलावलं, तेव्हा देविका तिथेच होती.

"इसको दूसरी में मत भेजो," काकू म्हणाल्या. "वहाँ जाएगी तो पीछे बैठी रह जाएगी. मेरे पास एक साल और छोड़ दो. पढ़ लेगी. मेरी ज़िम्मेदारी."

आईला ते आवडलं नव्हतं. मुलगी नापास झाली असं सगळे म्हणणार. पण काकूंच्या शब्दावर ती तयार झाली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी गजेंद्रजींनी सगळ्या शिक्षिकांना ऑफिसात बोलावलं. चहा आणि समोसे होते. ते नेहमीसारखे हसत होते. नवीन सत्रापासून बालवाडीसकट प्रत्येक वर्गात टीव्ही लागणार, शाळा स्मार्ट होणार, असं त्यांनी सांगितलं. पूर्ण वर्षाचा अभ्यासक्रम देविका मैमनी तयार केलेलाच आहे. टीव्ही चालू-बंद करायला आणि मुलांवर लक्ष ठेवायला चार दीदी ठेवणार. त्यामुळे पहिली, दुसरी आणि चौथीच्या मैमना पुढच्या सत्रात यायची गरज नाही. देविका मैम कोऑर्डिनेटर होतील.

चौथीच्या मैमच्या हातात समोसा तसाच राहिला. देविकानं काकूंकडे पाहिलं. काकू गजेंद्रजींकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मोठ्यानं बोललेलं ऐकू न आल्यावर माणूस जसा बघतो, तशा त्या बघत होत्या.

"सर, पहली में टीवी से नहीं होगा," देविका म्हणाली. "मैंने वो टीचर के लिए बनाया था."

"अरे मैम, आप अपने काम को कम मत समझिए," गजेंद्रजी म्हणाले.

काकूंनी वर्गातून आपली खुर्चीवरची गादी आणि खडूंचा डबा घेतला. देविका त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेली. तिला रडू येत होतं.

"काकू, मला खरंच माहीत नव्हतं."

"नव्हतंच माहीत तुला. त्याच्या मनात आलं होतं म्हणजे त्यानं केलंच असतं." काकू थोडा वेळ रिक्शाची वाट बघत राहिल्या. मग तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "पण पहिलीचं तू घातलंस."

देविकानं घरी येऊन राजीनामा लिहिला. अभिजितनं तो वाचला आणि विचारलं, "तू सोडलीस तर काकू परत येणार आहेत का?"

"नाही."

"मग त्या मुलांकडे कोण बघणार?"

राजीनामा दिला नाही. त्याऐवजी ती गजेंद्रजींकडे गेली आणि म्हणाली, की माझा तक्ता मला परत द्या, तो माझ्या मेहनतीचा आहे, मला तो वापरू द्यायचा नाही.

ते खरोखर आश्चर्यानं हसले. "मैम, फ्री की चीज़ है. नेट पर सबके लिए पड़ी है. आपने तो बस लिस्ट बनाई है."

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी देविका वृंदावन योजनेत काकूंच्या घरी गेली. दार उघडं होतं. आत खोकी बांधून ठेवली होती. प्रथमेशनं नागपूरला बोलावलं होतं, फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता. काकूंनी तिला बसायला सांगितलं, सरबत दिलं. भिंतीवर यजमानांचा युनिफॉर्ममधला फोटो होता, त्याभोवतीच्या भिंती मोकळ्या झालेल्या.

देविकानं माफी मागायला तोंड उघडलं, तर काकूंनी हातानंच थांबवलं.

"ते राहू दे. मला आता ते ऐकायचं नाही. मला काय वाटतं ते वाटतंय, तुझ्या बोलण्यानं जाणार नाही. नोकरीचंही राहू दे, दोन वर्षांनी सुटलीच असती. तू चेतनाला बघ."

"हो काकू."

"नुसतं हो नको. ऐक. तिला ख दिसत नाही, तिला र आणि व दिसतात. आम्ही तिथपर्यंत आलो होतो. जोडून लिही, मोठं लिही. आणि ती घाबरली की रडत नाही, हसते. हसली की समज, कळलेलं नाही. लोकांना वाटतं पोरगी खूश आहे." काकूंचे डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा होता. "मी तिच्या आईला शब्द दिलाय."

नवीन सत्र सुरू झालं. पहिलीच्या वर्गावर हिमानी नावाची दीदी आली. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, स्वभावानं चांगली. तिच्या हातात रिमोट आणि तक्त्याचा छापलेला कागद. देविकानं तो कागद पाहिला. त्यात शेवटचा रकाना नव्हता.

"सर ने कहा, उसकी ज़रूरत नहीं है," हिमानी म्हणाली. "बीच में रोको तो बच्चे शोर करते हैं."

कोऑर्डिनेटर म्हणून देविका दिवसभर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात फिरायची. आता तिला सगळे वर्ग शांत दिसायचे. गजेंद्रजी पालकांना दारातून वर्ग दाखवायचे, अडतीस मुलं एकटक पडद्याकडे बघत बसलेली. चम्मचचं गाणं सगळ्यांना तोंडपाठ होतं. तालासुरात म्हणायची. पण फळ्यावर तोच शब्द लिहिला, तर ओळखणारी दोन-तीन निघायची.

जुलैमधल्या एका सकाळी ती पहिलीच्या दाराशी उभी होती. पडद्यावर एक कार्टूनमधली बाई बकरीची गोष्ट सांगत होती. बाईनं गोड आवाजात विचारलं, "बच्चो, बताओ, बकरी कहाँ गई?" चेतनानं हात वर केला. बाईनं दोन सेकंद थांबून स्वतःच उत्तर दिलं, "शाबाश!" आणि गोष्ट पुढे गेली. चेतनाचा हात तसाच वर. ती आधी पडद्याकडे बघत राहिली, मग हिमानीकडे.

"हाथ नीचे करो बेटा, पीछे वालों को दिख नहीं रहा," हिमानी म्हणाली.

चेतनानं हात खाली घेतला आणि ती हसली.

त्या दिवसापासून देविकानं मधल्या सुट्टीत चेतनाला ऑफिसशेजारच्या खोलीत घेऊन बसायला सुरुवात केली. काकूंनी सांगितलं होतं तसं ख मोठा काढला, जोडून काढला. चेतना डबा खात खात बघायची. पहिले काही दिवस ती फक्त हसली. देविकाला काकूंसारखं थांबता येत नसे. सुट्टी वीस मिनिटांची, तिचं लक्ष घड्याळाकडे, आणि मुलगी उत्तर देण्याच्या आधीच तिच्या तोंडून उत्तर निघून जायचं. तरी ऑगस्टच्या शेवटी एक दिवस चेतनानं कागदावरचा शब्द बघितला, ओठ हलवले आणि म्हणाली, "खत." मग दचकून देविकाकडे बघितलं, आपण काय केलं ते तिलाच कळलं नव्हतं.

देविकानं तिला जवळ घेतलं. काकूंना फोन करावा असं तिच्या मनात आलं, पण अजून चार-पाच शब्द होऊ देत, मग सांगू, असं तिनं ठरवलं.

सप्टेंबरमध्ये गजेंद्रजींनी तिला दुसऱ्या शाळांमध्ये पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या ओळखीच्या चार-पाच मॅनेजरांना हेच मॉडेल हवं होतं. कधी जुन्या शहरातल्या चौक भागात, कधी आणखी कुठे, ती दिवसभर जायची आणि तक्ता कसा वापरायचा ते समजावायची. जाताना प्रत्येक वेळी शेवटच्या रकान्याबद्दल सांगायची. लोक मान हलवायचे. तीन आठवडे ती आपल्या शाळेत जेमतेम हजेरी लावून निघून जायची. मग सहामाही परीक्षा आली.

परीक्षा संपल्यावर ती पहिलीच्या वर्गात गेली, तर चेतना नव्हती. हिमानी म्हणाली, बारा दिवस आलेली नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी चेतनाची आई आली, नाव काढायला. ती उभीच राहिली, बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"सीतापुर भेज दिया है, नानी के पास. छोटे भाई को देखेगी."

"एक साल तो पूरा होने दीजिए," देविका म्हणाली. "वो पढ़ने लगी है. मेरे सामने पढ़ा था उसने."

"यमुना मैम ने भी यही बोला था, एक साल और. यमुना मैम तो रहीं नहीं." आईचा आवाज चढलेला नव्हता, ती थकलेली होती. "मैं एक दिन खिड़की से देख के गई थी, मैम. दिन भर टीवी. टीवी तो हमारे घर में भी है."

देविकानं कागदावर सही केली.

दिवाळीत काकूंचा फोन आला. नागपुरात अजून रुळले नाही, म्हणाल्या, इथे सगळे सकाळी निघून जातात आणि मी घर राखते. नेत्राची चौकशी केली, अभिजितची केली. मग विचारलं, "चेतना वाचायला लागली का गं?"

"हो," देविका म्हणाली.

"खरंच? काय वाचलं पहिल्यांदा?"

"खत."

"ख आला तिला!" काकू एकदम मोठ्यानं म्हणाल्या. त्यांचा तो आवाज देविकानं कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. "अगं, मग शाळा उघडली की तिला फोनवर दे. वाचून दाखवू दे मला. देशील ना?"

"देते काकू."

फोन ठेवल्यावर नेत्रानं विचारलं, "मम्मा, क्या हुआ?" देविका म्हणाली, काही नाही, तू फराळ खा.

शाळा उघडली. काकूंचा फोन आला तो तिनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग ती विकास नगरच्या मार्केटमागे चेतनाची आई राहायची तिथे गेली. सीतापूरचा पत्ता, नाहीतर निदान नंबर मिळेल म्हणून. खोलीत दुसरं कुटुंब राहायला आलं होतं. त्यातल्या बाईला काही माहीत नव्हतं. शेजारी कोणीतरी म्हणालं, नवरा-बायको कानपूरला गेले कामाला.

तिथून परत येताना रस्त्यात उभं राहूनच तिनं काकूंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मी दुसऱ्या शाळांमधून फिरत होते ते सांगितलं, आई काय म्हणाली ते सांगितलं. एक शब्द वाचला होता तेही सांगितलं. पलीकडून काही आवाज येईना. तिला वाटलं, फोन कट झाला.

"काकू?"

"आहे मी. मला वाटलंच होतं. त्या दिवशी तू हो फार पटकन म्हणालीस."

"काकू, मी..."

"एकच शब्द वाचला का?"

"हो. एकच."

"मग तोही जाईल आता," काकू म्हणाल्या. "त्या वयात रोज नाही बघितलं की जातं." मागे कुकरची शिट्टी झाली. "ठेवते गं. सुनेचा डबा व्हायचाय."

त्यानंतर काकूंनी फोन केला नाही. देविकानं संक्रांतीला मेसेज पाठवला. तो वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही.

फेब्रुवारीत देविकानं गजेंद्रजींना सांगितलं, की मला कोऑर्डिनेटर राहायचं नाही, पुढच्या सत्रात मला पहिलीचा वर्ग द्या, नाहीतर मी जाते. ते जरा नाराज झाले. पण तक्ता आता सगळीकडे चालूच होता, त्यासाठी देविकाची गरज उरली नव्हती. ते हो म्हणाले.

एप्रिलमध्ये नवीन मुलं आली. छत्तीस. बालवाडीतून वर आलेली, तिथेही वर्षभर टीव्ही होताच. देविका आत आली, सगळ्यांना नमस्ते म्हणाली आणि टीव्हीचं बटण भिंतीवरूनच बंद केलं. मुलं पडद्याकडे बघत बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती मुलांना घरातली भांडी विचारत होती, कोणी उत्तर देत नव्हतं. मुलांना वाटत होतं, हे सुरू व्हायच्या आधीचं काहीतरी आहे.

"मैम, टीवी कब चलेगा?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"नहीं चलेगा, बेटा."

मागून एक मुलगा रडायला लागला. ती मुलगी मात्र रडली नाही. तिनं काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग देविकाकडे पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं,

"फिर हमें पढ़ाएगा कौन?"